सहीवाचून अडलेले वाक्य

कायदे जन्माला कसे येतात, याविषयी आपल्या मनात एक भारदस्त चित्र असते. लांबलचक भाषणे, मेजांवर थापा, विरोधकांचा गदारोळ, शेवटी मतमोजणी आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक मथळे. परंतु इतिहासात असेही काही कायदे सापडतात की, ज्यांच्या जन्माची खबर घरच्या माणसांनाही नीट लागलेली नसते. अमेरिकेच्या एका कायद्यात असेच एक वाक्य आहे. ते गाजावाजा न होता आत आले, साडेतीन वर्षे कोपऱ्यात पडून राहिले, आणि मग एके दिवशी सुमारे दीडशे माणसे, त्यांत कोणी आंधळी, कोणी बहिरी, कोणी चाकांच्या खुर्चीवरची, एका सरकारी कचेरीत जाऊन बसली आणि या वाक्याला जीव आल्याखेरीज उठणार नाही म्हणाली. त्या वाक्याची आणि त्या बैठकीची ही हकीकत.

वाक्य आहे १९७३ सालच्या पुनर्वसन कायद्यातले. कायदा तसा अगदी नवा नव्हता. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या शिपायांना काही धंदा शिकवावा, म्हणजे ते आपल्या पायांवर उभे राहतील (त्यांच्या बाबतीत हा शब्दप्रयोग क्रूरच म्हणायचा), या हेतूने अमेरिकन सरकार पैसे खर्च करू लागले होते. पुढे शिपायांबरोबर इतर अपंगांचाही त्यात समावेश झाला. त्या परंपरेतला हा कायदा. अध्यक्ष निक्सन यांना त्याचा खर्च जड वाटत होता. १९७२ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा १९७३ च्या मार्चमध्ये त्यांनी हे विधेयक नाकारले. मग संसदेने आकडे खाली आणले आणि २६ सप्टेंबर १९७३ रोजी निक्सन यांनी सही केली. गंमत अशी की, ज्या विधेयकातला डॉलर न् डॉलर तपासला गेला, त्याच विधेयकाच्या शेपटाला असलेल्या, आणि पुढे सर्वांत महाग पडणार असलेल्या वाक्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. त्यावर साक्षी झाल्या नाहीत, वाद झाला नाही, कोणी आक्षेपही घेतला नाही.

५०४ वे कलम म्हणून ते आता प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : अन्य दृष्टीने पात्र असलेल्या कोणाही अपंग माणसाला, केवळ तो अपंग आहे एवढ्याच कारणावरून, मध्यवर्ती सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कामातून वगळता येणार नाही, त्याचा लाभ नाकारता येणार नाही, की त्याला भेदभावाने वागवता येणार नाही. हे वाक्य कोणी नव्याने रचले नव्हते. १९६४ साली निग्रो जनतेच्या लढ्यातून जो नागरी हक्कांचा कायदा झाला, त्यात वंश, वर्ण आणि मूळ देश यांवरून होणारा भेदभाव याच शब्दांनी बंद केला होता. सिनेटरांच्या हाताखालच्या तरुण कारकुनांनी विधेयकाचा मसुदा पक्का करताना तो साचा उचलला आणि त्यात अपंगत्व हा शब्द बसवला. बस्स, एवढेच. पण सरकारचा पैसा कुठे जात नाही? शाळांत जातो, विद्यापीठांत जातो, इस्पितळांत, ग्रंथालयांत, आगगाड्या-मोटारींच्या व्यवस्थेत जातो. म्हणजे या एका वाक्याने देशातल्या हजारो इमारतींच्या पायऱ्यांना हात घातला होता.

हे वाक्य ज्यांच्यासाठी होते, त्यांची तोवरची हालत काय होती हे पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात ह्यूमन नावाचे एक कुटुंब राहत असे. नवराबायको दोघेही मूळचे जर्मन ज्यू, हिटलरच्या तावडीतून लहानपणीच सुटून अमेरिकेत आलेले. नवऱ्याचे मांसविक्रीचे दुकान. त्यांची थोरली मुलगी ज्युडिथ १९४७ साली जन्मली आणि दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. डॉक्टरांनी सल्ला दिला की, पोरीला एखाद्या संस्थेत ठेवून द्या. आईबापांनी तो मानला नाही. ज्या माणसांची आपली माणसे कायमची 'ठेवली' गेली होती, त्यांना असला सल्ला कसा रुचावा?

पाच वर्षांची झाल्यावर आई तिची खुर्ची ढकलत गावातल्या सरकारी शाळेत घेऊन गेली. मुख्याध्यापकांनी घेतले नाही. कारण दिले ते असे की, आग लागली तर ही मुलगी धोक्याची ठरेल. आगीपासून मुलीला धोका, असे नव्हे. मुलगी हाच आगीचा धोका! मग आईने एका ज्यू धर्मशाळेचा दरवाजा ठोठावला. तिथे म्हणाले, हिब्रू येत असेल तर घेऊ. पोर हिब्रू शिकली. तेव्हा त्यांनी वेगळी सबब काढली. शेवटी सरकारकडून घरी शिकवायला बाई येऊ लागली, ती आठवड्यातून अवघे अडीच तास. नऊ वर्षांची होईपर्यंत ज्युडिथने शाळेचा वर्ग पाहिला नाही, आणि पाहिला तोही अपंग मुलांचा निराळा वर्ग.

हे एकट्या ज्युडिथचे दुर्दैव असते तर त्यात इतिहास कसला? पण १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र कायदा करताना अमेरिकेच्या संसदेने स्वतःच नमूद केले की, देशात ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुले आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही, आणि दहा लाख मुले तर सरकारी शाळांच्या सर्वस्वी बाहेर आहेत. चंद्रावर माणूस उतरवून सहा वर्षे झालेल्या देशाची ही नोंद आहे.

ज्युडिथ कॉलेजात गेली, शिकली आणि शिक्षिका व्हायचे म्हणाली. लेखी परीक्षा उत्तीर्ण, तोंडी परीक्षा उत्तीर्ण. उरली वैद्यकीय तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला संडासाला कसे जातेस ते करून दाखव, असे सांगितले. त्या तरुण मुलीने उत्तर दिले की, संडासाला कसे जायचे हे मुलांना शिकवणे शिक्षिकेच्या कामात येत असेल, तर ते मी शिकवू शकेन. शहराच्या शिक्षणमंडळाने तिला नापास केले. कारण तेच, जुने : आग. १९७० साली तिने मंडळावर खटला गुदरला. योगायोग असा की तो ज्यांच्यापुढे आला, त्या न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली या मध्यवर्ती न्यायालयात बसलेल्या पहिल्या निग्रो स्त्री. त्यांनी मंडळाला फेरविचार करायला सुचवले आणि मंडळ मुकाट्याने नमले. पोलिओ झालेला माणूस अध्यक्ष होऊ शकतो पण शिक्षक होऊ शकत नाही, अशा अर्थाचा मथळा तेव्हा एका न्यू यॉर्कच्या पत्राने दिला होता. रोख अर्थात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर. त्यांना वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पोलिओ झाला आणि पुढे बारा वर्षे त्यांनी खुर्चीवर बसून अमेरिकेचे राज्य केले. मात्र ती खुर्ची फोटोत येऊ नये याची काळजी सारे घेत. अपंग माणूस मोठा झालेला चालत होता, अपंग दिसलेला चालत नव्हता.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, एड रॉबर्ट्‌स नावाच्या पोराची कथा आणखी बिकट होती. चौदाव्या वर्षी पोलिओने त्याला मानेखाली लुळा केला. श्वासासाठी रात्री तो लोखंडी फुप्फुसात, म्हणजे एका मोठ्या पिंपासारख्या यंत्रात, झोपे. शाळा पुरी केली तर शाळेने प्रमाणपत्र अडवले. का? तर त्याने कसरतीचा तास आणि मोटार चालवण्याचा अभ्यासक्रम पुरा केला नाही म्हणून! आई भांडली तेव्हा मिळाले. १९६२ साली तो बर्कलीच्या विद्यापीठात शिरला, आणि वसतिगृहात त्याचे यंत्र मावेना म्हणून विद्यापीठाच्या इस्पितळात राहू लागला. हळूहळू तिथे आणखी तसेच विद्यार्थी आले. त्यांची टोळीच जमली. त्यांनी १९७२ साली शहरात एक केंद्र काढले. अपंगाने कुठे राहायचे, कोणाची मदत घ्यायची, काय शिकायचे हे अपंगानेच ठरवावे, असे त्या केंद्राचे म्हणणे होते. राज्याच्या पुनर्वसन खात्याने ज्या रॉबर्ट्‌सला एकेकाळी नोकरी करण्याच्या लायकीचा नाही म्हणून बाजूला सारले होते, त्याच खात्याचा प्रमुख म्हणून १९७५ साली राज्यपालांनी त्याला नेमले. कादंबरीत असे लिहिले तर वाचक म्हणतील, लेखकाने ओढूनताणून जुळवले. ज्युडिथही न्यू यॉर्क सोडून याच केंद्रात येऊन दाखल झाली होती.

आता पुन्हा त्या वाक्याकडे येऊ. कायद्यातले वाक्य आणि त्याचे नियम यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. आपल्याकडच्या कुठल्याही हेडमास्तरांना विचारा. कलम पाहून कोणी काही करीत नाही, परिपत्रक लागते. कोणी काय करायचे, किती दिवसांत करायचे, न केल्यास काय, हे ज्यात लिहिलेले असते ते नियम. ५०४ कलमाचे नियम करण्याचे काम आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याकडे होते. खात्यातल्या वकिलांनी मन लावून मसुदाही केला. पण वाक्याचा अर्थ जसजसा उलगडू लागला, तसतशी विद्यापीठांची आणि इस्पितळांची तारांबळ उडाली. एवढे उतार कोण बांधणार? एवढी दारे कोण रुंद करणार? बहिऱ्या विद्यार्थ्याला दुभाष्या द्यायचा तर त्याचा पगार कोणी द्यायचा? निक्सन गेले, फोर्ड आले, सही होईना. १९७६ च्या जुलैत न्यायालयाने बजावले की आता उशीर पुरे. तरीही मंत्री डेव्हिड मॅथ्यूज यांनी १९७७ च्या जानेवारीत, खुर्ची सोडण्याच्या बेतात असताना, मसुद्यावर सही करण्याऐवजी तो सिनेटच्या समितीकडे धाडून दिला. घरातले भांडण शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्यासारखा हा प्रकार.

निवडणुकीत जिमी कार्टर यांनी अपंगांना या नियमांचे वचन दिले होते. ते अध्यक्ष झाले आणि त्यांचे नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो म्हणाले की, मला मसुदा वाचायला वेळ हवा. मागणे वरवर पाहता रास्त होते. पण मसुद्यात फेरफार चालले आहेत, अशी कुणकुण बाहेर लागली. अपंगांच्या संघटनांची एक देशव्यापी आघाडी होती. तिचे चालक फ्रँक बो हे स्वतः बहिरे होते. आघाडीने निरोप धाडला की, ४ एप्रिलपर्यंत मसुदा आहे तसा सही झाला नाही, तर ५ एप्रिलला आम्ही तुमच्या कचेऱ्यांत येऊ. ४ तारीख गेली.

५ एप्रिल १९७७ रोजी वॉशिंग्टन, न्यू यॉर्क, डेन्व्हर आणि इतर काही शहरांत लोक खात्याच्या कचेऱ्यांत शिरले. राजधानीत कॅलिफानो साहेबांच्या कचेरीत बसलेल्यांना बाहेरून खायला मिळू दिले नाही. अठ्ठावीस तासांनी ते उठले. इतर ठिकाणची मंडळीही लवकरच पांगली. अपवाद एका शहराचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथे सकाळी मैदानात सभा झाली. सभेनंतर ज्युडिथबाईंनी हाक दिली, चला, आत जाऊन साहेबांनाच विचारू. खुर्च्या, कुबड्या आणि पांढऱ्या काठ्या चौथ्या मजल्यावर पोहोचल्या. तिथल्या प्रादेशिक अधिकाऱ्याला ५०४ विषयी प्रश्न विचारले, तर कलम काय आहे याचीच त्याला धड माहिती नव्हती. संध्याकाळ झाली. ज्युडिथबाई म्हणाल्या, आज रात्री कोण कोण राहणार? जवळजवळ सगळेच.

धडधाकट माणसाने एक रात्र फरशीवर काढणे वेगळे आणि या माणसांनी काढणे वेगळे, हे नीट समजून घेतले पाहिजे. कित्येकांना कूस बदलायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागे. रात्री तसा तो न मिळाला तर पाठीला जखमा पडत. कोणाला लघवीसाठी नळी, कोणाला श्वासाचे यंत्र, कोणाला वेळच्या वेळी औषधे. यांतले काहीही बरोबर न घेता कितीएक जण आले होते; संध्याकाळी घरी जायचे, याच हिशेबाने. मग आंधळ्याने पांगळ्याला भरवावे, पांगळ्याने आंधळ्याला वाट सांगावी, असे सुरू झाले. आंधळ्या-पांगळ्याची जोडगोळी आपल्याकडच्या सांख्यशास्त्राच्या पोथ्यांतून दृष्टांत म्हणून येते. इथे तो दृष्टांत चौथ्या मजल्यावर चालताबोलता पाहायला मिळत होता. वातानुकूल यंत्राला एक खोकी चिकटवून तिचे शीतकपाट केले आणि त्यात औषधे ठेवली. अधिकाऱ्यांनी टेलिफोन तोडले. तेव्हा बहिरी मंडळी खिडकीशी उभी राहिली आणि हातांच्या खुणांनी खाली मैदानातल्या आपल्या सोबत्यांशी बोलू लागली. टेलिफोन तोडणाऱ्याला ही भाषा तोडता येईना. इमारतीतल्या इतक्या माणसांत त्या दिवशी बहिरे तेवढे बोलू शकत होते!

ही बैठक इतकी टिकली याचे श्रेय किटी कोन यांच्या पूर्वतयारीलाही जाते. त्यांना स्नायू झिजण्याचा आजार होता, पण निग्रोंच्या हक्कांच्या चळवळीत त्या तयार झाल्या होत्या. अशा लढ्यात चर्चवाले, कामगार संघटना, स्त्रियांच्या संस्था अगोदर जोडून ठेवाव्या लागतात, हे त्यांनी जाणले होते आणि ठेवल्या होत्या. त्यांतून मदत आली. नगराध्यक्ष जॉर्ज मॉस्कोनी यांनी गाद्या आणि अंघोळीसाठी रबरी नळ्या पाठवल्या. परंतु सर्वांत मोलाची मदत आली ती अनपेक्षित दिशेने. 'ब्लॅक पँथर' हा काळ्या तरुणांचा लढाऊ पक्ष. सभ्य घरांत त्याचे नाव काढताना आवाज खाली जाई. त्या पक्षाचा ब्रॅड लोमॅक्स हा कार्यकर्ता स्वतः खुर्चीवर होता आणि बैठकीत सामील होता. त्याचा सोबती चक जॅक्सन त्याची आणि इतरांचीही शुश्रूषा करी. आपला माणूस आत आहे म्हणून पक्षाची मंडळी खाडीपलीकडच्या ओकलंडहून रोज सर्वांसाठी गरम जेवण घेऊन येऊ लागली. पहारेकऱ्यांनी अडवले तरी हटली नाहीत. त्या जेवणाचा पैसा कोणी मागितला नाही की दिला नाही. इतिहासाच्या जाड पुस्तकांत या जेवणाला एखादी ओळ मिळते. माझ्या मते त्याशिवाय तिसऱ्या दिवशीच सगळे संपले असते.

१५ एप्रिलला एक विलक्षण गोष्ट घडली. फिलिप बर्टन आणि जॉर्ज मिलर या दोन लोकप्रतिनिधींनी त्या व्यापलेल्या कचेरीतच संसदेची सुनावणी भरवली. खात्याने वॉशिंग्टनहून जीन आयडनबर्ग नावाचा एक तरुण अधिकारी पाठवला. तो मसुद्यातल्या वीसहून अधिक विचाराधीन फेरफारांविषयी बोलू लागला. त्यात अपंगांसाठी सोयी 'निराळ्या पण समान' असाव्यात अशा धर्तीची भाषा आली. हे शब्द आपल्याला साधे वाटतील. अमेरिकेत ते जळते निखारे आहेत. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दांच्या आधारे काळ्या लोकांसाठी निराळे डबे मान्य केले, त्यातून निराळ्या शाळा रुजल्या, आणि ती शाळांची चूक दुरुस्त व्हायला १९५४ साल उजाडावे लागले. निराळ्या वर्गात शिकलेल्या ज्युडिथबाईंनी हे शब्द ऐकले. त्या बोलायला उठल्या (म्हणजे बोलू लागल्या) तेव्हा त्यांचा कंठ दाटला होता. आता आम्ही वेगळेपण सोसणार नाही, असे त्या सांगत होत्या आणि समोर तो अधिकारी समजल्यासारखी मान डोलवीत होता. तेव्हा त्यांनी त्याला सुनावले की, आम्ही काय बोलतो आहोत ते तुम्हाला कळते आहे असे मला वाटत नाही; कृपा करून मान डोलावणे थांबवा. सभेत कित्येक रडत होते, बर्टनही. साक्ष देऊन आयडनबर्ग एका खोलीत जाऊन दार लावून बसला, तर बर्टन जाऊन त्या दारावर लाथा हाणू लागले. लोकप्रतिनिधीने सरकारी दारावर लाथ मारल्याची इतकी न्याय्य उदाहरणे थोडीच असतील.

तरीही सही होईना. मग वीस-एक जणांनी राजधानी गाठायची ठरवली. विमानाने ते वॉशिंग्टनला उतरले. पण त्या शहरात खुर्चीवाल्यांना चढता येईल अशी बस नव्हती. यंत्रकामगारांच्या संघटनेने एक मालमोटार भाड्याने घेतली. तिच्या पाठीमागच्या बंद, काळोख्या भागात सामानासारख्या या खुर्च्या उभ्या केल्या आणि ही वरात कॅलिफानो साहेबांच्या घरापुढे नेली. रात्री मेणबत्त्या लावून ते तिथे बसले. अध्यक्ष कार्टर ज्या चर्चमध्ये प्रार्थनेला जात, तिथेही जाऊन उभे राहिले. इकडे सॅन फ्रान्सिस्कोतली बैठक चालूच होती. उपोषण, निदर्शने, प्रार्थना हे सारे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. सत्याग्रह हा शब्द त्यांनी वापरला नसेल, पण ज्या निग्रो चळवळीकडून ते हे शिकले, तिने ते आपल्याकडूनच घेतले होते.

२८ एप्रिल १९७७ रोजी कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली, आणि ते निराळेपणाचे फेरफार त्यात आले नाहीत. मंडळी ३० तारखेला गाणी म्हणत इमारतीबाहेर पडली. मधले दोन दिवस कशात गेले म्हणाल, तर खात्री करून घेण्यात आणि कचेरी झाडून स्वच्छ करण्यात. मध्यवर्ती सरकारच्या इमारतीत अहिंसक मार्गाने इतके दिवस कोणी बसल्याचे दुसरे उदाहरण अमेरिकेत नाही असे सांगतात.

नियमांत होते तरी काय? नवी इमारत बांधाल ती सर्वांना शिरता येईल अशी बांधा. जुनी असेल तर निदान काम तरी त्यांच्यापर्यंत पोहोचेल असे करा; त्यासाठी बांधकाम लागत असेल तर तीन वर्षांत करा. प्रत्येक अपंग मुलाला फुकट आणि योग्य शिक्षण द्या, आणि होता होईल तो इतर मुलांच्या सोबतीने द्या. कॉलेजांनी आंधळ्याला वाचक, बहिऱ्याला दुभाष्या, परीक्षेत आवश्यक तो बदल द्यावा. मालकाने नोकराला 'वाजवी सोय' करून द्यावी. या 'वाजवी' शब्दात सारी मेख आहे. काय वाजवी आणि काय नाही, यावर तिथली न्यायालये आजतागायत कीस काढीत आहेत, आणि सगळेच निकाल अपंगांच्या बाजूने लागले असेही नाही. १९७९ साली पहिलाच मोठा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. परिचारिका होऊ इच्छिणारी एक बहिरी स्त्री तो हरली. न्यायाधीश एकमुखाने म्हणाले, शिक्षणक्रमाचे मूळ स्वरूपच बदला असे हा कायदा सांगत नाही.

शिवाय जिथे सरकारचा पैसा नाही तिथे हे कलम लागू नव्हते. खाजगी दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह मोकळेच. त्यासाठी १९९० चा मोठा कायदा व्हावा लागला. तो रेंगाळला तेव्हा, त्या वर्षीच्या १२ मार्चला, साठेक माणसांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली टाकल्या आणि संसदभवनाच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढल्या. त्यांत एक आठ वर्षांची मुलगी होती. २६ जुलै १९९० रोजी त्या कायद्यावर अध्यक्ष बुश यांची सही झाली. एड रॉबर्ट्‌स १९९५ साली वारला. ज्युडिथबाई क्लिंटन यांच्या काळात शिक्षण खात्यात मोठ्या पदावर होत्या. त्या २०२३ च्या मार्चमध्ये निवर्तल्या.

या घटनांचा आणि आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. मुंबईत १९०० साली अंधांसाठी शाळा निघाली ती अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांच्या हातून; परंतु ती दयेची शाळा होती, आणि दयेच्या शाळांनी आपल्याकडे पुष्कळ चांगले काम केले आहे. हक्काचा कायदा मात्र आपल्याकडे १९९५ साली झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंगांच्या हक्कांचा करार केला, त्यात तीच 'वाजवी सोय' आली. भारताने २००७ साली तो स्वीकारला, आणि त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा केला. कायद्यात सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत फुकट शिक्षण आहे, उच्च शिक्षणात शेकडा पाच जागा आहेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हात आखडण्याच्या व्याधीमुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला परीक्षेत लेखनिक मिळाला पाहिजे असे ठरवले, तेही याच शब्दांच्या बळावर. पांगळा जाऊन अपंग आला, अपंग जाऊन विकलांग, आता दिव्यांग. इतक्या वेळा नावे बदलण्यात गेलेली शाई उंबरठे घासण्यात गेली असती, असे कधीकधी वाटते.

२०१६ च्या कायद्यात इमारती सुगम करण्याची सक्ती आहे. त्याचे नियम २०१७ साली झाले आणि त्यांनी मापांसाठी एका मार्गदर्शक पुस्तिकेकडे बोट दाखवले. उताराचे माप असते एकास बारा, म्हणजे एक फूट चढायचे तर बारा फूट लांब उतार हवा. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असलेल्या शाळेला अठरा फूट जागा लागते. आम्ही मास्तरमंडळी असे उतार पाहतो. काही ठिकाणी ते काम चार फुटांत उरकलेले असते. त्यावरून खुर्ची वर चढत नाही आणि खाली सुटली तर थांबत नाही. माप पुस्तिकेत होते, पण पुस्तिका सल्ला देत होती, हुकूम नव्हे. एका अंध कार्यकर्त्याने २००५ साली केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके यावर बोट ठेवले. कायदा 'केलेच पाहिजे' म्हणतो आणि नियम 'करावे' म्हणतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने सांगितले. ज्या गोष्टींना तडजोड नाही त्या वेगळ्या काढून सक्तीचे नियम करा, असा आदेश मध्यवर्ती सरकारला दिला आणि त्यासाठी मुदत घातली तीन महिन्यांची.